दप्तरातील पूर्वज व वाङ्मयातील पूर्वज

कुलवृत्त लिहिणाऱ्याच्या हाताशी मुख्यतः दोन साधने असतात. एक दप्तर व दुसरे वाङ्मय. दप्तरातून त्यास नाव, गाव आणि तिथी मिळते. त्या नावाचा माणूस कसा जगला, काय भ्याला, कोणाच्या दारी उभा राहिला, हे समजून घ्यावयाचे तर त्यास वाङ्मयाकडे वळावे लागते. बहुतेक कुलवृत्तलेखक पहिल्या साधनावर सारी भिस्त ठेवतात आणि दुसऱ्याकडे करमणुकीची वस्तू म्हणून पाहतात. ही वाटणी कितपत योग्य आहे, हे तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही एका परक्या देशाचे उदाहरण घेत आहो. ग्रामीण स्वित्झर्लंडमधील एखाद्या पूर्वजाचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्या वंशजास त्या देशाचे दप्तर काय देते, काय देत नाही, आणि जे देत नाही ते त्या देशाच्या ग्रंथकारांनी कोठवर भरून काढले आहे, एवढाच आमचा विषय आहे. हा देश निवडण्याचे कारण असे की तेथील खेड्यांचे दप्तर जुने व शिस्तीचे आहे, आणि त्याच खेड्यांतून वर आलेले वाङ्मयही तितकेच कसदार आहे. दोहोंची तुलना करण्यास ह्याहून सोयीचे क्षेत्र सहसा सापडणार नाही.

प्रथम दप्तराचे पाहू. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक नागरिकास एक ‘हाइमाटोर्ट’ असतो. ह्या शब्दाचा अर्थ मूळ गाव असा करता येईल. पण आपण मूळ गाव म्हणतो तेव्हा मनात जो केवळ आठवणीचा संबंध असतो, त्याहून हा संबंध पुष्कळ अधिक आहे. हाइमाटोर्ट म्हणजे ज्या गावचे नागरिकत्व वंशपरंपरेने चालत आले ते गाव. मनुष्य कोठेही जन्मो, कोठेही राहो, त्या गावास त्याने जन्मात एकदाही पाहिले नसले तरी कागदोपत्री तो त्याच गावचा. स्विस पारपत्रावर जन्मस्थळाऐवजी आजही हे मूळ गाव लिहिलेले असते. कोणत्या आडनावाच्या घराण्यास कोणत्या गावचे नागरिकत्व होते ह्याची देशभराची सूची ‘स्वित्झर्लंडच्या कुलनामांचा ग्रंथ’ ह्या नावाने छापलेली असून तीत १९६२ सालची स्थिती धरलेली आहे. आडनाव व मूळ गाव ही दोन अक्षरे ज्याच्या हाती लागली, त्याचे अर्धे काम झाले असे तेथील वंशशोधक म्हणतात, ते ह्यामुळेच.

उरलेल्या अर्ध्या कामासाठी चर्चच्या वह्या आहेत. झुरिच येथे १५२६ साली नगरसभेने बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. बर्नने १५२८ साली धर्मसुधारणा स्वीकारल्यानंतर तीच वाट धरली. कॅथलिक प्रांतांत १५६३ च्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेच्या निर्णयानंतर हळूहळू अशा वह्या सुरू झाल्या. झुरिचच्या पाद्र्यांनी १६३४ पासून घरोघरच्या माणसांच्याही याद्या केल्या. १ जानेवारी १८७६ पासून जन्म, विवाह व मृत्यू ह्यांची नोंद साऱ्या देशात सरकारी अधिकाऱ्यांकडे गेली. अग्निप्रलयात किंवा हयगयीने ज्या वह्या नष्ट झाल्या त्या सोडल्यास, एखाद्या साध्या कुणब्याचा वंश तीनशे-चारशे वर्षे मागे नेता येतो. राजघराण्यांसही जेथे भाटांच्या कल्पनेचा आधार घ्यावा लागतो, तेथे ही गोष्ट सामान्य म्हणता येणार नाही.

परंतु कोणतेही दप्तर पुढील पिढ्यांच्या कुतूहलासाठी लिहिले जात नाही. लिहिणाऱ्याचा तत्कालीन हेतू ज्याने ओळखला नाही, त्यास त्या नोंदीचा अर्थ अर्धाच कळतो. झुरिचची बाप्तिस्म्याची वही निघाली तेव्हा त्या शहरात पुनर्बाप्तिस्मावाद्यांचा पंथ वाढत होता. बालकास बाप्तिस्मा देऊ नये, समजत्या वयात मनुष्याने तो स्वतः मागून घ्यावा, असे ह्या पंथाचे मत. १५२७ च्या जानेवारीत ह्या पंथाच्या फेलिक्स मान्झ ह्यास झुरिचमध्येच लिम्माट नदीत बुडवून ठार मारण्यात आले. तेव्हा कोणाचे मूल बाप्तिस्म्यास आले आणि कोणाचे आले नाही, हे शोधून काढण्याचे एक साधन म्हणून ती वही होती. आज वंशज ज्या ओळीवर बोट ठेवून आनंदतो, ती ओळ एका अर्थी हजेरीपटातील ओळ आहे; आणि ज्या घराण्याची ओळ सापडत नाही, ते घराणे नसेलच असे नाही, ते हजेरी चुकवीत असेल. एमेनतालच्या डोंगरांतून ह्या पंथाची कित्येक कुटुंबे पळाली किंवा हद्दपार झाली, ऱ्हाइनकाठच्या जर्मन मुलखात राहिली व पुढे पेन्सिल्व्हेनियात गेली. तेथे गर्बरचे गार्बर झाले, म्यूलरचे मिलर झाले. अमेरिकेचे एक अध्यक्ष हर्बर्ट हूवर ह्यांच्या घराण्याचे मूळ नाव हूबर होते, हे पुष्कळांस माहीत असेल.

देशांतर करणाऱ्यांच्या याद्यांचेही असेच आहे. आल्बर्ट फाउस्ट ह्या अमेरिकन विद्वानाने अठराव्या शतकातील स्विस देशांतरितांच्या याद्या छापावयास घेतल्या व त्यांचा पहिला खंड १९२० साली प्रसिद्ध केला. त्यात झुरिच प्रांतातील १७३४ ते १७४४ ह्या दहा वर्षांत गेलेली माणसे आहेत. ही नावे कोणी प्रेमाने लिहून ठेवलेली नाहीत. प्रजा देश सोडून जाते हे सरकारास रुचत नव्हते, म्हणून पाद्र्यांकडून हिशेब मागविला होता. जो हिशेब नाराजीने मागितला गेला, तोच दोनशे वर्षांनी वंशजांस कृतज्ञतेने वाचावा लागला.

मूळ गावाच्या नोंदीमागे तर पैशाचाच प्रश्न होता. सोळाव्या शतकापासून त्या देशात असा दंडक पडला की प्रत्येक गावाने आपापल्या गरिबांस पोसावे. अर्थात कोण आपला आणि कोण परका, हे ठरविणे गावाच्या तिजोरीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे झाले. नागरिकत्वाचा कागद हा भाकरीवरील हक्काचा कागद होता, आणि म्हणून तो देण्याविषयी गावे कंजूष होती. कित्येक गावांनी आपले गरीब स्वखर्चाने समुद्रापार धाडून दिले. आर्गाउ प्रांतातील निदरविल, ज्यास आता रोथ्रिस्ट म्हणतात, त्या गावाने १८५५ साली आपली तीनशेहून अधिक माणसे अमेरिकेस रवाना केली. ज्यांस कोणतेच गाव आपले म्हणत नव्हते अशा भटक्यांचा एक निराळा वर्गच बनला होता. त्यांस कोठे तरी नागरिक करून घ्यावे असा कायदा १८५० साली करावा लागला. अशा घराण्यातील वंशजाने आपला पूर्वज शोधावयाचा तर कोठे? दप्तराच्या दृष्टीने तो पूर्वज १८५० पूर्वी बहुधा पोलिसांच्या कागदांतच सापडावयाचा.

येथे वाङ्मयाचा प्रवेश होतो. गॉटफ्रीड केलर ह्यांची ‘खेड्यातील रोमिओ व ज्युलिएट’ ही कथा १८५६ साली प्रसिद्ध झाली. ती तरुण प्रेमिकांची शोककथा म्हणून वाचली जाते व ते बरोबरच आहे. पण त्या शोकाचे मूळ एका कागदाच्या अभावात आहे, इकडे टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते. मान्झ व मार्टी हे दोन संपन्न शेतकरी आपापली शेते नांगरीत आहेत. मध्ये एक पडीक शेत आहे. ते एका मृत कर्णेवाल्याचे. त्याचा नातू हा काळा सारंगीवाला म्हणून गावोगाव हिंडतो. तो त्याच घराण्याचा आहे हे दोघांसही चेहऱ्यावरून ठाऊक आहे. परंतु त्याच्यापाशी बाप्तिस्म्याचा दाखला नाही, आणि दोघेही साक्ष देण्यास तयार नाहीत. कारण साक्ष दिली तर तो गावचा ठरेल आणि त्याचा भार गावावर पडेल. मग तेच दोघे प्रतिष्ठित गृहस्थ त्या बेवारशी शेतात दरवर्षी एकेक तास आत सरकतात. पुढे त्यांच्यातच वैर पेटते, घरे धुळीस मिळतात, आणि त्यांची मुले एकमेकांवर प्रेम करून नदीचा आश्रय घेतात. त्या जमिनीचे चार पैसे मिळाले असते तर मी देशांतर करून सुखी झालो असतो, असे तो सारंगीवाला त्या मुलांस सांगतो. दप्तर तपासणाऱ्यास ह्या सारंगीवाल्याचे नाव कोठेच आढळणार नाही. केलरने मात्र त्यास कथेच्या मध्यावर उभे केले आणि नोंद नसणे हाही एक इतिहास असतो हे दाखवून दिले. त्याच्या चित्रणात थोडी भुताटकीची छटा मिसळली आहे, तेवढी नसती तर त्यावरील अन्याय अधिक उघडा दिसला असता, हा एक दोष आम्ही नोंदवून ठेवतो.

केलर ह्यांचे हे ज्ञान पुस्तकी नव्हते. ते जन्मले झुरिच शहरात, पण त्यांचे हाइमाटोर्ट ग्लाटफेल्डन हे खेडे. ‘हिरवा हाइनरिख’ ह्या त्यांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती १८७९-८० साली निघाली. तिच्या आरंभीच वडिलांच्या खेड्याचे वर्णन आहे. त्या खेड्यात एकेका आडनावाची शेकडो माणसे आहेत, पण त्यांतली वीसतीसच एकमेकांस भाऊबंद म्हणतात, कारण पणजोबाच्या पलीकडे कोणाची स्मृती जात नाही. आणि तेथील स्मशानातील मातीचा कणन् कण कोणे काळी माणसाच्या देहातून फिरून आलेला आहे. ह्या वर्णनात कुलाभिमान आहे, पण कुलाचा अहंकार नाही. वहीमध्ये ज्या शाखा वेगळ्या काढून दाखविता येतात त्या सर्व शेवटी एकाच मातीत मिसळल्या आहेत, हे वंशवृक्ष काढणाऱ्यास शिकविणारे ह्याहून चांगले प्रकरण आम्हांस माहीत नाही. शिवाय हेच केलर १८६१ ते १८७६ पर्यंत झुरिच प्रांताचे चिटणीस होते. अर्थात दप्तर म्हणजे काय, ते कोणास जवळ करते आणि कोणास बाहेर ठेवते, हे त्यांच्याइतके कोणास कळणार?

दप्तर आणि वाङ्मय एकाच हातून उतरल्याचे ह्याहूनही ठळक उदाहरण येरेमियास गॉटहेल्फ ह्यांचे आहे. त्यांचे खरे नाव आल्बर्ट बिट्झियस. ते एमेनतालमधील लुट्झेलफ्ल्यू येथे १८३२ पासून १८५४ साली मृत्यू येईपर्यंत धर्मोपदेशक होते. त्या काळी जन्ममृत्यूच्या वह्या पाद्र्याकडेच असत. म्हणजे ज्या गृहस्थाने आपल्या गावकऱ्यांची नावे एकेका ओळीत लिहिली, त्यानेच रात्री दिव्याजवळ बसून त्यांच्या आयुष्यांवर जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची पहिली कादंबरी ‘शेतकऱ्यांचा आरसा’ १८३७ साली निघाली. ती येरेमियास नावाच्या मुलाच्या तोंडून सांगितलेली आत्मकथा आहे, आणि त्याच नायकाचे नाव पुढे ग्रंथकाराने स्वतःसाठी घेतले.

ह्या मुलाचे कुटुंब वडिलोपार्जित शेतातून बाहेर पडते, दुसऱ्याच्या जमिनीवर राबते, बाप मरतो, आणि मुले गावाच्या अंगावर येतात. गाव त्यांची विल्हेवाट कशी लावते? लिलावाने. जो शेतकरी गावाकडून कमीत कमी पैसे घेऊन मूल सांभाळण्यास तयार होईल त्याच्या हवाली ते करावयाचे. इतर लिलावांत बोली वर चढते, ह्यात खाली उतरते. आणि जेवढी ती उतरेल तेवढे मुलाचे ताट रिकामे व काम जास्त. ही कल्पना नव्हे, त्या देशाची रूढी होती, आणि तिचे अवशेष विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही राहिले. स्विस सरकारच्या वतीने मंत्री सिमोनेत्ता सोमारुगा ह्यांनी ११ एप्रिल २०१३ रोजी अशा मुलांची व सक्तीने दूर ठेवलेल्या इतर माणसांची जाहीर क्षमा मागितली. २०१७ साली अंमलात आलेल्या कायद्याने हयात असलेल्या पीडितांस प्रत्येकी २५,००० फ्रँक देण्याची व आपल्या संबंधीचे कागद पाहू देण्याची तरतूद झाली. तेव्हा सांप्रत त्या देशात जुन्या कागदांची मागणी करणारे सर्वच लोक पूर्वजांचे मोठेपण शोधीत नाहीत. काहींना आपली आई कोण, आपणांस तिच्यापासून कोणी व का तोडले, एवढेच हवे असते. वंशशोध हा रिकामपणचा छंद आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

गॉटहेल्फ ह्यांचे दोष उघड आहेत. पाद्री कादंबरीकाराच्या खांद्यावरून वारंवार डोकावतो. जेथे घटनाच पुरेशी बोलकी आहे तेथे ते प्रवचन करतात, आणि नवमतवाद्यांवर चिडले म्हणजे त्यांस आवरत नाही. तरीही त्या लिलावाचे प्रसंग ज्याने वाचले, त्यास पुढे एखाद्या वहीत अमुक मूल अमुक शेतकऱ्याकडे ठेवले अशी नोंद आढळली, तर ती ओळ पूर्वीसारखी निर्विकार वाचता येणार नाही. कादंबरीने दप्तराचे वाचन बदलते, ते असे. ह्या खोऱ्यात वडिलांचे शेत अखंड राहून बहुधा धाकट्या मुलाकडे जात असे, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकातही सापडते. पण घरावाचून निघालेल्या थोरल्या भावांचे पुढे काय झाले, कोण पलटणीत गेला, कोण दुसऱ्याच्या गोठ्यात गडी राहिला, हे समजण्यास अशीच पुस्तके हाती धरावी लागतात.

केलर व गॉटहेल्फ दोघेही शिकलेले, दोघेही खेड्याकडे थोड्या उंचीवरून पाहणारे. खुद्द खेडुताची वाणी ऐकावयाची तर मागे, १७८९ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी झुरिच येथे ‘टोगेनबुर्गमधील गरीब माणसाची जीवनकथा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्ता उल्रिख ब्रेकर, जन्म १७३५, गाव वाटविल. शेळ्या राखणारा मुलगा, सोरा तयार करणाऱ्या कर्जबाजारी बापाचा हातमजूर, फसवून प्रशियाच्या सैन्यात भरती झालेला शिपाई, १ ऑक्टोबर १७५६ च्या लोबोसिट्झच्या लढाईतून पळून घरी आलेला फरारी, मग सुताचा लहान व्यापारी, आणि ह्या सगळ्यातून वेळ काढून शेक्सपिअरची नाटके वाचणारा व त्यांवर १७८० साली टिपण लिहिणारा रसिक. सुमारे तीस वर्षे त्याने रोजनिशी लिहिली. गावच्या पाद्र्याने त्याचे लेखन झुरिचच्या प्रकाशकाकडे पोहोचविले नसते तर दप्तरात जन्म, विवाह व मृत्यू ह्या तीन ओळींपलीकडे ब्रेकर कोणास माहीत झाला नसता.

हा ग्रंथ लिहिण्याची जी कारणे तो देतो, त्यांतील एक फार मननीय आहे. माझ्या बापाची, आजाची किंवा पणजाची अशी एखादी हकीकत मला मिळाली असती तर मी तिच्यासाठी वाटेल ते दिले असते, आणि म्हणून मुलांसाठी मी स्वतःची लिहून ठेवतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे वंशज म्हणून जे आपणांस मिळाले नाही ते पूर्वज होऊन देण्याची ही इच्छा. त्यानंतर पहिलेच प्रकरण पूर्वजांचे. पण त्यात सांगण्यासारखे त्याच्याजवळ जवळजवळ काही नाही, आणि ते तो खेद न करता थट्टेने सांगतो. आईबाप होते हे ठाऊक. त्यांनाही आईबाप असणार हा तर्क. आजाचे नाव व राहण्याची वाडी तेवढी त्याच्या कानी आली होती. आजीचे नाव व गाव त्यास कोणी कधी सांगितलेच नाही; त्याच्या बापाच्या जन्मावेळी ती वारली आणि पोर एका निपुत्रिक नातेवाइकाने वाढविले, इतकेच तो जाणतो.

ह्या नावावाचूनच्या आजीपाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. स्विस कायद्याप्रमाणे विवाहाबरोबर स्त्री आपले मूळ गाव सोडून पतीच्या गावची नागरिक होत असे. १९८८ पासून तिला आपले गावही राखता येऊ लागले, आणि १ जानेवारी २०१३ पासून विवाहामुळे नाव व गाव दोन्ही बदलत नाहीत. परंतु त्यापूर्वीच्या सर्व पिढ्यांत वंशवृक्षाचा प्रत्येक स्त्री-फाटा एका विवाहापाशी वळण घेतो, आणि शोधकाने दक्षता न ठेवल्यास तेथेच तुटतो. दप्तर चिकाटीने चाळले तर एखाद्या आजीचे नाव मिळूही शकेल. पण प्रसूतीत गेलेल्या बाईचा मुलगा परक्या घरी वाढतो आणि त्याच्या मुलास आपल्या आजीचे नाव विचारण्यासही कोणी उरत नाही, ही उणीव ब्रेकरने दोन वाक्यांत जशी उभी केली आहे, तशी कोणत्याही नोंदीने होणार नाही. हे दोन प्रकारचे ज्ञान आहे आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

ब्रेकर सत्यवादी आहे, पण निःपक्षपाती नाही. १७६१ साली त्याने सालोमे आंब्यूल हिच्याशी विवाह केला. त्याच्या पुस्तकात ती तोंडाळ, हिशेबी व पुस्तकांची वैरीण म्हणून दिसते. आम्ही हे चित्र जसेच्या तसे घेऊ इच्छीत नाही. १७७०-७१ च्या दुष्काळात धान्य मिळेना, कर्ज वाढले, १७७१ मध्ये दोन थोरली मुले आमांशाने गेली; आणि घरधनी रात्री लिहीत बसे. त्या घराचा संसार कोण चालवीत होते? ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच ग्रंथातील ओळींच्या मधून मिळते, आणि ते मिळू देण्याइतका तो प्रांजळ आहे, हा त्याचा मोठेपणा. १७९८ साली तो मेला तोही दिवाळखोर होऊनच. ज्या वंशजास केवळ अभिमान बाळगावयाचा आहे, त्यास ब्रेकरसारखा पूर्वज गैरसोयीचा वाटेल. ज्यास पूर्वज ओळखावयाचा आहे, त्यास ह्याहून अधिक काय पाहिजे?

वाङ्मयावर विश्वास ठेवण्याची मर्यादा कोणती, हे दाखविणारा एक ग्रंथ सांगून आम्ही हे विवेचन आटोपते घेतो. ब्लेझ सांद्रार ह्यांची ‘सोने’ ही फ्रेंच कादंबरी १९२५ साली निघाली. तिचा नायक कॅलिफोर्नियातील ज्याच्या जमिनीवर १८४८ साली सोने सापडले तो योहान आउगुस्ट सुटर. सुटर १८०३ साली जन्मला जर्मनीतील कान्डर्न येथे. पण त्याचे हाइमाटोर्ट बाझल प्रांतातील रुनेनबेर्ग. कादंबरीचा आरंभ मोठा मार्मिक आहे. एक परका मनुष्य संध्याकाळी त्या खेड्यात येतो, आपण इथलेच म्हणून दाखला मागतो, आणि गावचा मुख्य तो देत नाही. ज्या गावचा म्हणून तो जन्मभर ओळखला जाणार त्या गावास तो मनुष्य अनोळखी आहे! हाइमाटोर्ट ह्या संस्थेतील सारा विरोधाभास त्या प्रसंगात आला आहे, आणि लेखकाची शैलीही तेथे धावती, कोरडी व जोरकस आहे.

पण पुढे सांद्रार ह्यांस दंतकथेचा मोह आवरत नाही. त्यांचा नायक वॉशिंग्टन येथे संसदभवनाच्या पायऱ्यांवर प्राण सोडतो. खरा सुटर १८८० साली त्याच शहरातील एका हॉटेलच्या खोलीत वारला. एवढा फेरफार कादंबरीकारास क्षम्य आहे. क्षम्य नाही ते असे की सोन्याने लुटला गेलेला एक थोर दुर्दैवी पुरुष ह्या चित्राखाली दुसऱ्या कित्येक गोष्टी झाकल्या जातात. सुटर १८३४ साली बुर्गडोर्फ येथे सावकार आणि पत्नी व पाच मुले ह्यांस मागे टाकून पळाला होता. फ्रान्समधील स्विस पलटणीत आपण कप्तान होतो ही त्याची बढाई खोटी होती. आणि कॅलिफोर्नियातील त्याची शेती तेथील मूळ रहिवाशांच्या सक्तीच्या श्रमावर उभी होती. ह्याच कारणाने सॅक्रामेंटो येथील त्याचा एक पुतळा २०२० साली हलविण्यात आला. ह्या गोष्टी दप्तराने टिकविल्या. तेव्हा जेथे वाङ्मय पूर्वजास देव करू लागते तेथे त्याचा कान धरण्यास दप्तरच लागते. सांद्रार हे स्वतःचे जन्मनाव टाकून नवे नाव घेतलेले लेखक. त्यांस सुटरमध्ये जो आवडला तो मूळ गाव झुगारून नवा जन्म घेणारा पुरुष. मागे राहिलेल्या घराकडे त्यांची दृष्टी वळली, पण ठरली नाही.

ह्या चार ग्रंथकारांत तारतम्य लावावयाचे झाल्यास कलेच्या दृष्टीने केलर श्रेष्ठ, सामाजिक सत्याच्या विस्तारात गॉटहेल्फ पुढे, आणि वेगात सांद्रार. परंतु पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने प्रथम कोणता ग्रंथ वाचावा असे कोणी विचारल्यास आम्ही निःसंकोचपणे ब्रेकरचे नाव घेऊ. बाकीचे तिघे पूर्वजांविषयी सांगतात. ब्रेकर स्वतः पूर्वज आहे, आणि आपण कोणाचे तरी पूर्वज होणार ही जाणीव ठेवून तो लिहितो. त्याने मालमत्ता ठेवली नाही, कुळाची कीर्ती वाढविली नाही; आपल्या दुबळेपणासकट आपली खरी हकीकत तेवढी ठेवली.

कुलवृत्ताच्या ग्रंथांचे परीक्षण करताना ह्या विवेचनातून एक कसोटी हाती येते. त्यात किती पिढ्यांची नावे आहेत ह्यापेक्षा, ज्यांची नावे मिळाली नाहीत त्यांच्याविषयी लेखकाने काय केले, हे पाहावे. परागंदा झालेला भाऊ, दुसऱ्याच्या दारी वाढलेले पोर, विवाहानंतर वहीतून नाहीशी झालेली लेक, दाखला नसलेला सारंगीवाला ह्यांच्यासाठी ग्रंथात एखादी जागा रिकामी ठेवून तिचे कारण सांगितले असेल, तर तो ग्रंथ प्रामाणिक समजावा. ती जागा कल्पनेने भरून टाकली असेल किंवा अजिबात पुसून टाकली असेल, तर त्याची पाने कितीही असोत, त्यास कुलवृत्त न म्हणता मालमत्तेची यादी म्हणणे बरे. ब्रेकरच्या आजीचे नाव त्याच्या ग्रंथात नाही. पण ते नाही हे त्याने पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवले, आणि तेवढ्यामुळेच अडीचशे वर्षांनंतर आम्हांस तिची विचारपूस करावीशी वाटली.